पूररेषा आणि अदृष्टाची सीमा

महापूर हा दैवाचा भाग मानायचा की माणसाच्या करणीचा, हा प्रश्न भारतीय विचारपरंपरेत फार जुना आहे, आणि पुराच्या जोखमीचे मापन व नियोजन करणाऱ्या आधुनिक संशोधनाने तो मिटवलेला नसून अधिक नेमका, आणि म्हणूनच अधिक अवघड केलेला आहे. या संशोधनात ‘जोखीम’ ही संज्ञा विशिष्ट अर्थाने वापरली जाते. नदीला किती मोठा पूर किती वेळा येण्याचा संभव आहे, त्या पुराच्या वाटेत किती माणसे, घरे, जनावरे आणि पिके आहेत, आणि पाणी चढल्यावर त्यांपैकी कोणाला ते सोसता येईल व कोण त्यात मोडून पडेल, या तीन गोष्टींचा एकत्रित हिशेब म्हणजे पूरजोखीम होय. पहिली गोष्ट पावसाची व नदीची आहे, दुसरी वस्तीची आणि तिसरी समाजरचनेची. या तिन्हींत काय अटळ आहे आणि काय कोणीतरी केलेले आहे, हे ठरविल्याशिवाय पुराविषयी धर्माच्या भाषेत बोलता येत नाही, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. त्यासाठी २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर पाहिलेले कृष्णा-पंचगंगेचे खोरे हे उदाहरण म्हणून समोर ठेवले आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील चौथ्या अधिकरणात आठ दैवी महाभये सांगितली आहेत: अग्नी, उदक, व्याधी, दुर्भिक्ष, उंदीर, हिंस्र श्वापदे, सर्प आणि राक्षस. पुराची गणना येथे निःसंदिग्धपणे दैवी आपत्तींत केलेली आहे. परंतु त्यापुढची तरतूद वाचली म्हणजे दैवी ठरलेल्या आपत्तीपुढे हात टेकावेत असे ग्रंथकाराला मुळीच अभिप्रेत नव्हते, हे दिसून येते. पाण्याजवळच्या गावांनी पावसाळ्याच्या रात्री पुराच्या मर्यादेबाहेर मुक्काम करावा, लाकडी फळ्या, वेळू आणि नावा हाताशी ठेवाव्यात, वाहून चाललेल्या माणसाला भोपळे, चामड्याच्या पखाली आणि तराफे यांच्या साहाय्याने बाहेर काढावे, असे तेथे सांगितले असून जो असे करणार नाही त्याला १२ पणांचा दंड ठेवला आहे. ज्याच्याजवळ तरण्याचे साधनच नाही तो मात्र या दंडातून मुक्त आहे. याच प्रकरणात पर्वकाळी नदीची पूजा करण्याचे विधानही आहे. पूजा आणि दंड एकमेकांना खोडून न काढता शेजारी शेजारी नांदतात, आणि दंड लागू होतो की नाही हे माणसाच्या हाती काय होते यावरून ठरते, ही या प्रकरणातील सर्वांत मोलाची गोष्ट आहे. आठव्या अधिकरणात तर पूर्वाचार्यांचे एक मत मांडून ते खोडले आहे: आगीवर उपाय नाही, पाण्यापासून मात्र दूर जाता येते, म्हणून आग अधिक भयंकर, असे आचार्य म्हणत, कौटिल्याचे उत्तर असे की आग एखादे गाव किंवा अर्धे गाव जाळते, पाण्याचा लोंढा शंभर गावे घेऊन जातो. आपत्तीच्या भीषणतेपेक्षा तिच्या व्याप्तीकडे पाहण्याची ही दृष्टी आजच्या जोखीमशास्त्राला परकी वाटणार नाही.

त्याच ग्रंथाच्या सहाव्या अधिकरणात दैव आणि मानुष यांच्यात एक भेद केला आहे, आणि प्रस्तुत चर्चेचा गाभा त्यातच आहे. ज्याचे कारण दिसत नाही ते दैव, ज्याचे कारण दिसते ते मानुष. मानुषाचा विचार करता येतो, दैवाचा करता येत नाही. हा भेद घटनांच्या स्वभावावर आधारलेला नाही, तो माणसाच्या जाणण्यावर आधारलेला आहे. अर्थात जे काल अदृष्ट होते ते आज दृष्ट होऊ शकते, आणि तसे झाले की ते दैवाच्या खात्यातून निघून माणसाच्या खात्यात जमा होते. पूररेषा आखणे म्हणजे ही सीमा प्रत्यक्ष जमिनीवर हलविणे होय. महाराष्ट्रात नदीकाठी दोन रेषा आखल्या जातात. सरासरीने २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचे पाणी जेथवर पोहोचते ती निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आतील पट्टा बांधकामाला निषिद्ध मानला जातो, निळ्या आणि लाल रेषांच्या मधला पट्टा नियंत्रित मानला जातो. ज्या दिवशी अशी रेषा नकाशावर उमटते त्या दिवसापासून तिच्या आत बांधलेल्या घरात शिरणारे पाणी अकल्पित राहत नाही. ते येणार हे ठाऊक असते, केव्हा येणार एवढेच ठाऊक नसते.

‘१०० वर्षांतून एकदा’ या शब्दप्रयोगाने मात्र जेवढे कळते त्याहून अधिक गैरसमज होतात. त्याचा अर्थ एवढाच की कोणत्याही एका वर्षी तेवढा किंवा त्याहून मोठा पूर येण्याची संभाव्यता शेकडा १ आहे. एकदा असा पूर येऊन गेला म्हणजे पुढची ९९ वर्षे निर्धास्त, असे त्यातून निघत नाही, कारण गेल्या वर्षीच्या पुराची नोंद नदी ठेवीत नाही. हिशेब केला तर असे दिसते की लाल रेषेवरच्या घराला ३० वर्षांत, म्हणजे बांधणाऱ्याच्या हातून ते त्याच्या मुलांच्या हाती जाईपर्यंत, निदान एकदा पाणी लागण्याची शक्यता सुमारे २६ टक्के असते, आणि ७० वर्षांच्या आयुष्यात ती जवळजवळ निम्मी होते. निळ्या रेषेवरच्या घराला ३० वर्षांत पाणी लागण्याची शक्यता तर ७० टक्क्यांच्या आसपास जाते. दुर्मीळ वाटणारी घटना माणसाच्या आयुष्याच्या मापाने पाहिली तर मुळीच दुर्मीळ नाही, ही या गणिताची खरी शिकवण आहे. हे गणित ज्याच्या नावाशी जोडले गेले आहे त्या एमिल गुंबेल या जर्मन गणितज्ञाचे चरित्रही येथे आठवण्याजोगे आहे. १९२२ मध्ये त्याने पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनीतील राजकीय खुनांची मोजदाद करून उजव्या आणि डाव्या बाजूंच्या खुन्यांना न्यायालये कशी वेगवेगळी वागणूक देत होती हे आकड्यांनिशी दाखवून दिले; त्यापायी पुढे त्याला हायडेलबर्ग विद्यापीठातील अध्यापन आणि शेवटी युरोपही सोडावा लागला. १९४१ मध्ये पुराच्या पुनरागमन-काळावर आणि १९५८ मध्ये टोकाच्या घटनांच्या संख्याशास्त्रावर लिहिणारा हाच माणूस होता. लोक ज्याला नशीब म्हणून सोडून देतात ते मोजून पाहण्याचा ध्यास खुनांच्या बाबतीत आणि पुरांच्या बाबतीत एकच होता, असे म्हणण्यास जागा आहे.

तरीही मोजमाप म्हणजे साक्षात्कार नव्हे. पूररेषा हे अनुमान आहे, आणि अनुमानाच्या दोषांची जेवढी सूक्ष्म चिकित्सा न्यायशास्त्राने केली तेवढी क्वचितच इतरत्र झाली असेल. धूर दिसला की अग्नी आहे असे अनुमान बरोबर ठरते, पण अग्नी आहे म्हणून धूरही असलाच पाहिजे, हे अनुमान चुकते, कारण धूर निघण्यासाठी इंधन ओले असावे लागते. अनुमान करणाऱ्याच्या लक्षात न आलेल्या अशा छुप्या अटीला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. गेल्या काही दशकांच्या नोंदींवरून १०० वर्षांच्या पुराचा अंदाज बांधणाऱ्या गणितातही अशी उपाधी दडलेली असते: नदीचे खोरे जसे होते तसेच राहील, पाऊस जसा पडत आला तसाच पडेल, ही ती अट होय. पात्रात भराव पडले, ओढे बुजले, पुलांच्या पोचरस्त्यांचे बांध पाण्याला आडवे आले, थोड्या दिवसांत फार पाऊस कोसळू लागला, की अट मोडते आणि काल काढलेली रेषा आज खोटी ठरते. म्हणून रेषा वारंवार तपासणे हा केवळ प्रशासकीय नियम नाही. आपले ज्ञान कोणत्या अटीवर उभे आहे हे सतत पाहत राहणे, हे ज्ञान बाळगणाऱ्याचे नैतिक कर्तव्य आहे.

सामान्य माणूस रेषेवर नव्हे, तर आठवणीवर विसंबतो, आणि त्यात त्याचा दोष फार थोडा असतो. कोल्हापूर-सांगलीकडे पावसाळ्यात घरोघरी जी चर्चा चालते ती फुटांत चालते. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० आणि धोका पातळी ४५ फूट, हे आकडे तेथील शाळकरी मुलांनाही पाठ असतात. २००५ चे पाणी कोणत्या पायरीपर्यंत, कोणत्या ओट्यापर्यंत आले होते हेही प्रत्येकाला माहीत होते. आणि त्या वेळी पाणी दारात येऊन परत गेले होते म्हणून २०१९ च्या ऑगस्टमध्ये कित्येक कुटुंबे घरातच थांबली. त्या वर्षी राजाराम बंधाऱ्यावर पातळी ५५ फुटांच्या वर आणि आयर्विन पुलावर ५७ फुटांच्या वर गेली. प्रत्यक्ष अनुभव हे सर्वांत बलवान प्रमाण मानण्याची सवय येथे घातक ठरली, कारण एका पुराचा अनुभव हा एकाच पुराचा अनुभव असतो. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटून अनेकांचे, त्यातही बायामुलांचे प्राण गेले. अशा घटनेनंतर ‘देवाची मर्जी’ हे शब्द तोंडून निघतात. दुःख सावरण्यासाठी उच्चारलेल्या त्या शब्दांचा मान राखलाच पाहिजे, परंतु शासनव्यवस्थेने किंवा विद्वानाने तेच शब्द कारणमीमांसा म्हणून वापरले तर तो मान उरत नाही.

आपत्तीचा धार्मिक अर्थ लावण्याचा सर्वांत प्रसिद्ध वाद विसाव्या शतकात पुरावरून नव्हे, भूकंपावरून झाला. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये झालेला भूकंप हे अस्पृश्यतेच्या पापाचे ईश्वरी शासन आहे, असे महात्मा गांधींनी म्हटले. अस्पृश्यतेविरुद्धच्या त्यांच्या लढ्याशी पूर्ण सहमत असलेल्या रवींद्रनाथ ठाकुरांनी या विधानाला मात्र जाहीर विरोध केला, कारण भौतिक घटनेचे कारण नैतिक दोषात शोधण्याने अविवेकाला बळ मिळते असे त्यांना वाटत होते. या वादात रवींद्रनाथांची बाजू अधिक सयुक्तिक होती, असेच म्हणावे लागते. पाप करणारे एकीकडे आणि ढिगाऱ्याखाली सापडणारे दुसरीकडे, ही अडचण गांधींच्या विधानातून सुटत नाही. तथापि आपत्तीत नैतिक प्रश्न असतोच, ही गांधींची जाणीव टाकून देण्यासारखी नव्हती. त्यांनी तो आपत्तीच्या कारणात शोधला. तो तिच्या वाटणीत शोधावयास हवा होता.

या वाटणीकडे पाहण्यासाठी ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातील एक अधिकरण अनपेक्षितपणे उपयोगी पडते. जग ईश्वराने निर्माण केले असेल तर कोणी सुखी, कोणी दुःखी अशी विषमता आणि प्राण्यांना दुःख देण्याची निर्दयता हे दोन दोष ईश्वराला लागतात, असा आक्षेप तेथे आहे. शंकराचार्यांच्या भाष्यातील उत्तरात पावसाचा दाखला येतो: पाऊस हे भात आणि जव या दोन्ही पिकांचे सर्वसाधारण कारण आहे, पण एकाचे भात आणि दुसऱ्याचे जव होते ते त्या त्या बियांच्या सामर्थ्यामुळे, त्याप्रमाणे ईश्वर हे सर्वसाधारण कारण असून विषमतेचे मूळ जीवांच्या आपापल्या कर्मात आहे. ईश्वरविषयक सिद्धान्त म्हणून हे उत्तर पटो वा न पटो, त्याची रचना पूरजोखमीच्या शास्त्राशी थक्क करण्याइतकी जुळते. हे शास्त्रही हेच सांगते की पाऊस सर्वांवर सारखा पडतो, नुकसान मात्र सारखे होत नाही, आणि असमानतेचे कारण पावसात नसून तो जेथे पडतो तेथल्या परिस्थितीत आहे. भेद एवढाच, पण तो मूलभूत आहे, की भाष्यकाराच्या उत्तरात विषमतेचे बीज पूर्वजन्मीच्या अदृष्ट कर्मात आहे आणि पुराच्या बाबतीत ते बीज डोळ्यांनी दिसते.

ते कसे दिसते हे कृष्णाकाठच्या कोणत्याही पूरबाधित गावात पाहता येते. सिमेंटच्या पक्क्या घरात पाणी चार दिवस उभे राहिले तर भिंती ओलसर होतात, सामान भिजते, गाळ उपसून घर धुऊन घ्यावे लागते. मातीच्या भिंती मात्र तळापासून विरघळू लागतात आणि पाणी उतरल्यावर, ऊन पडल्यावर, चिरा जाऊन खचतात. म्हणजे घर पुरात नव्हे, पूर ओसरल्यावर पडते, आणि तोवर बोटी व छायाचित्रकार निघून गेलेले असतात. उसाचा शेंडा पाण्याखाली गेला, पोंग्यात गाळ शिरला की वरून हिरवा दिसणारा ऊस आतून कुजतो. त्याचा पंचनामा होतो, तो सातबाऱ्यावरच्या नावाने होतो. त्याच उसात खुरपणी करणाऱ्या मजूर बाईचे बुडालेले रोज, तोंडी कराराने वाट्याने किंवा खंडाने शेत करणाऱ्याचे वाहून गेलेले बियाणे आणि खत यांना सातबाऱ्यावर रकाना नाही. पाणी दोघांच्याही घरात आले. कागदावर ते एकाच्याच घरात आले. भूगोलवेत्ता गिल्बर्ट व्हाइट याने अमेरिकेतील पुरांच्या अभ्यासातून १९४५ मध्ये मांडलेला निष्कर्ष असा होता की पूर येणे ईश्वराधीन असले तरी पुराने होणारी हानी बव्हंशी माणसांच्या निर्णयांतून घडते. व्हाइट हा श्रद्धाळू क्वेकर होता, आणि त्याच्या या विधानात ईश्वराला वगळण्याचा हेतू नव्हता. माणसाने आपला वाटा ईश्वराच्या नावावर ढकलू नये, एवढाच त्याचा आग्रह होता.

भारतीय दर्शनांत कर्मफलाच्या चर्चेत दोन दोष वारंवार येतात. केलेल्या कर्माचे फळ कर्त्याला न मिळणे हा ‘कृतहान’ दोष, आणि न केलेल्या कर्माचे फळ दुसऱ्याच कोणाला भोगावे लागणे हा ‘अकृताभ्यागम’ दोष. एखाद्या मतातून हे दोष निघतात असे दाखविले की ते मत त्याज्य ठरे. बौद्ध असोत, नैयायिक असोत वा वेदान्ती, प्रतिपक्षाच्या सिद्धान्तात हे दोष शोधण्याचा त्यांचा खटाटोप असे, आणि त्यामागे विश्वाची नैतिक घडी अशी विस्कटलेली असू शकत नाही, अशी खोल धारणा होती. विश्वाच्या घडीविषयी काहीही असो, पुराच्या व्यवहारात हे दोन्ही दोष नियम म्हणून चालू आहेत. शहराजवळ निळ्या रेषेत भराव टाकून भूखंड विकणाऱ्याला नफा मिळतो आणि तो निघून जातो. त्या भरावाने फुगलेले पाणी वरच्या अंगाच्या वस्तीत शिरते, आणि नदीला पसरण्यास जागा न राहिल्याने खालच्या अंगाला लोंढा अधिक वेगाने जातो. पहिल्याच्या बाबतीत कृतहान, दुसऱ्याच्या बाबतीत अकृताभ्यागम. शास्त्रकारांनी जे दोष तर्कातही सहन केले नाहीत ते नगररचनेत मुकाट्याने सहन केले जातात, ही विसंगती धर्मचिंतन करणाऱ्यांना अस्वस्थ करणारी आहे, निदान तशी ती असावयास हवी.

दोष नेमका कोणाचा हे ठरविणे मात्र प्रत्येक वेळी एवढे सरळ नसते, आणि धरणांच्या बाबतीत ते विशेष कठीण होते. कृष्णेच्या खोऱ्यातील कोयना धरणाची साठवणक्षमता सुमारे १०५ टीएमसी आहे, आणि एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी. पावसाळा संपताना धरण भरलेले असावे, कारण वीज आणि सिंचन त्यावर अवलंबून आहे. पण पावसाळ्याच्या मध्यावर ते काही प्रमाणात रिकामे असावे, कारण अतिवृष्टीचे पाणी सामावून घेण्यास जागा हवी. महापुरात बुडणाऱ्या त्याच सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला जत, आटपाडी, कवठेमहांकाळ हे तालुके आहेत, जेथे टेंभू आणि म्हैसाळ या योजनांनी कृष्णेचे पाणी उचलून नेले जाते. जुलैत पुराच्या भीतीने पाणी सोडले आणि पुढे पाऊस दडी मारून बसला तर दुष्काळी शिवाराच्या वाट्याचे पाणी वाहून गेले. सोडले नाही आणि ऑगस्टमध्ये ढगफुटीसारखा पाऊस झाला तर नदीकाठ बुडाला. एकाची जोखीम कमी करताना दुसऱ्याची वाढते, आणि निर्णय घेणाऱ्या अभियंत्याच्या हाती हवामानाचा अंदाज असतो, निश्चिती नसते. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, विविध क्रिया आणि पाचवे दैव, एकट्या आत्म्यालाच कर्ता समजणाऱ्याची बुद्धी असंस्कृत म्हटली आहे. धरणाच्या दरवाजाशी उभ्या असलेल्या माणसाच्या निर्णयाचे मूल्यमापन याच रीतीने व्हावयास हवे. पुराचा परिणाम पाहून त्याला गुन्हेगार ठरविणे अन्यायाचे, आणि पाचवे कारण पुढे करून उरलेली चार झाकणे त्याहून अन्यायाचे. निर्णयाच्या वेळी कोणती माहिती उपलब्ध होती, ती पाहिली गेली का, विसर्गाची सूचना खालच्या गावांना वेळेत पोहोचली का, दोन राज्यांची कार्यालये एकमेकांशी बोलली का, हे सर्व दृष्टाच्या कक्षेत येते. कृष्णेवरच्या, कर्नाटकातील आलमट्टी धरणाच्या जलाशयाचा फुगवटा सांगलीपर्यंत येतो की नाही या वादातही भावनेपेक्षा मोजमापाला महत्त्व आहे, कारण चुकीच्या कर्त्यावर दोष ठेवला की खरा कर्ता पुन्हा मोकळा सुटतो.

किती जोखीम पत्करण्याजोगी आहे, हा प्रश्न गणिताने सुटत नाही, याचा उत्तम दाखला नेदरलँड्सने घालून दिला. १९५३ च्या ३१ जानेवारीच्या रात्री उत्तर समुद्राच्या वादळाने तेथील बांध फोडले आणि १,८३६ माणसे मेली. त्यानंतर व्हान डांट्सिग या गणितज्ञाने बांध किती उंच असावा याचे उत्तर खर्च आणि टळणारे नुकसान यांच्या तुलनेतून काढले, आणि देशाच्या दाट वस्तीच्या मध्यभागासाठी १०,००० वर्षांतून एकदा येणाऱ्या उधाणाला पुरेल इतके संरक्षण ठरले. या पद्धतीत एक अडचण अंगभूत होती: जेथे संपत्ती अधिक तेथे संरक्षण अधिक. २०१७ पासून तेथे जे नवे निकष लागू झाले त्यांत बांधामागे राहणाऱ्या कोणत्याही व्यक्तीचा पुरात मृत्यू होण्याची संभाव्यता वर्षाला १,००,००० त १ यापेक्षा अधिक असू नये, अशी किमान हमी आधी दिली असून आर्थिक हिशेब त्यानंतर येतो. संपत्तीच्या बेरजेआधी एकेका माणसाचा जीव मोजावा, हा निर्णय कोणत्याही समीकरणातून निघालेला नाही. तो धर्मनिर्णय आहे, आणि एका धर्मनिरपेक्ष राज्याने कायद्याच्या कलमात तो घेतला आहे. महाराष्ट्राच्या पूररेषांमागे असा निर्णय कोणता आहे, निळ्या रेषेसाठी २५ हाच आकडा का, आणि त्या रेषेबाहेर राहणाऱ्याला नेमकी कशाची हमी आहे, याची चर्चा ग्रामसभेत सहसा होत नाही. ज्याच्या जमिनीवरून रेषा जाते त्याला तिची पहिली जाणीव बांधकामाचा अर्ज फेटाळला जातो तेव्हा होते, आणि रातोरात जमिनीचे मोल उतरलेल्या त्या लहान शेतकऱ्याला रेषा हीच आपत्ती वाटली तर त्याला अडाणी म्हणता येत नाही.

पुराशी धर्माचे नाते केवळ भीतीचे आणि शिक्षेचे नाही, हे नृसिंहवाडीत दिसते. शिरोळ तालुक्यात कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावर दत्ताच्या पादुकांचे मंदिर नदीच्या घाटावरच उभे आहे. कृष्णेचे पाणी चढू लागले की ते उत्तरेकडून आत शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिण दरवाजाने बाहेर पडते. त्या पाण्यात स्नान करण्यासाठी भाविक लांबून येतात आणि या घटनेला ‘दक्षिणद्वार सोहळा’ म्हणतात. पाणी त्याहून वर गेले की पादुका पाण्याखाली राहतात आणि उत्सवमूर्ती उंचावरच्या नारायणस्वामींच्या मंदिरात नेऊन तेथे नित्योपचार सुरू ठेवले जातात. काय बुडू द्यायचे, काय हलवायचे, कोठे हलवायचे आणि कोणत्या पातळीला हलवायचे, हे सर्व तेथे पूर्वापार ठरलेले आहे. पुराला अडविण्याचा आव नाही आणि पुरापुढे शरणागतीही नाही. पाणी येणार हे गृहीत धरून देवाची दिनचर्या आखलेली आहे. दैववादाचा आरोप अशा परंपरेवर करणे वरवरचे ठरेल. मात्र या सोहळ्याच्या बातम्या ज्या दिवशी छापून येतात त्याच दिवशी त्याच नदीने आसपासच्या शिवारांतील मळीची राने व्यापण्यास सुरुवात केलेली असते, आणि पाणी उतरावे म्हणून कृष्णामाईची ओटी भरणाऱ्या बाईला आपली म्हैस कोठे बांधायची हे ठाऊक नसते. मूर्तीसाठी जी व्यवस्था श्रद्धेने केली ती माणसांसाठी आणि जनावरांसाठी करणे, हा त्या श्रद्धेचाच विस्तार मानला पाहिजे. देवळाला स्वतःची पूररेषा माहीत आहे. गावाला ती माहीत असावी यासाठी वेगळे तत्त्वज्ञान लागत नाही.

स्थलांतराचा विचार येथेच सुरू होतो. पूरबाधित गावे कायमची उठवून उंचावर वसवावीत, ही सूचना प्रत्येक महापुरानंतर पुढे येते आणि बहुतेक वेळा अर्धवट राहते. जुने गावठाण सोडले तरी शेत नदीकाठीच राहते, नव्या जागेपासून ते लांब पडते, आणि काही पावसाळे कोरडे गेले की माणसे जुन्या घराला पुन्हा दार लावतात. याला हट्ट म्हणणे सोपे आहे. पण नदीकाठच्या गाळाने ज्याचे रान पिकते त्याच्या दृष्टीने नदी हाच त्याचा निर्वाह असतो, आणि जोखमीच्या कोणत्याही हिशेबात तो निर्वाह दुसऱ्या पारड्यात टाकलाच पाहिजे. कौटिल्याची तरतूद या दृष्टीने फिरून वाचण्यासारखी आहे, कारण ती कायमच्या विस्थापनाची नसून ऋतूपुरत्या मुक्कामाची आहे: पावसाळ्याच्या रात्री पुराच्या मर्यादेबाहेर काढायच्या, बाकी वर्षभर गाव जागेवरच. कायमचे उठणे आणि शेवटच्या क्षणी बोटीची वाट पाहणे यांच्यामधला हा तिसरा मार्ग आज जवळजवळ विसरला गेला आहे. पुराच्या वेळी माणसे घर का सोडत नाहीत, याचे गोठ्यातील जनावरे हे एक मोठे कारण असते. म्हणून लाल रेषेबाहेर प्रत्येक गावाची ठरलेली जागा, तेथे पक्के छप्पर, जनावरांचा निवारा आणि वैरणीचा साठा, मुलांची शाळा त्या आठवड्यांत तेथेच, आणि भूमिहीन मजुराच्या बुडालेल्या रोजांची भरपाई सातबाऱ्यावाचून, एवढे केले तर त्या मुक्कामाला जाणे भयाचे राहणार नाही. त्याचा खर्च कोणी सोसायचा याचे उत्तरही कर्मविचारातूनच निघते: निळ्या रेषेत भराव घालून ज्यांनी भूखंड पाडले, त्यांना परवानग्या देऊन ज्यांनी शुल्क गोळा केले आणि अरुंद झालेल्या पात्रावर ज्यांची बांधकामे उभी आहेत, त्यांच्याकडून तो वसूल करावयास हवा.